दूरा-युरोपोस : मातीने जपलेले नगर

सीरियाच्या पूर्व भागात, युफ्रेटिस नदीच्या उजव्या तीरावरील उंच कड्यावर दूरा-युरोपोस या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. सुमारे साडेपाचशे वर्षे नांदलेले हे नगर एका वेढ्यात कायमचे उजाड झाले. मात्र त्याच वेढ्याच्या धास्तीने टाकलेल्या मातीने त्याचा अमूल्य ठेवा पावणेसतराशे वर्षे सांभाळला.

चंद्रगुप्त मौर्याशी तह करणाऱ्या सेल्युकस राजाच्या काळात, इ.स.पू. ३०० च्या सुमारास, येथे ग्रीकांचे लष्करी ठाणे वसले. ‘दूरा’ म्हणजे स्थानिक सेमिटिक भाषेत किल्ला. ‘युरोपोस’ हे सेल्युकसच्या मॅसिडोनियातील जन्मगावाचे नाव. पुढे काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे आखीव नगर उभे राहिले. इ.स.पू. ११३ च्या सुमारास ते पार्थियनांकडे आणि इ.स. १६५ मध्ये रोमनांकडे गेले.

सत्ता बदलल्या, तरी वस्ती बहुरंगी राहिली. येथील लेख ग्रीक, लॅटिन, अरामी, हिब्रू, पार्थियन अशा अनेक भाषांत आहेत. बेल, आर्टेमिस आणि मिथ्र यांची मंदिरे, ज्यूंचे प्रार्थनास्थळ आणि ख्रिस्ती उपासकांचे घर एकाच तटाच्या आत होते.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास ससानी सम्राट पहिला शापूर याचे आक्रमण जवळ येताच रोमनांनी वाळवंटाकडील पश्चिम तट बळकट करण्यासाठी आतील रस्ता व लगतच्या इमारती मातीने भरून काढल्या. इ.स. २५६ च्या सुमारास ससानी सैन्याने तटाखाली भुयारे खणली. एका भुयारात सुमारे वीस रोमन सैनिकांचे सांगाडे सापडले. गंधक व डांबर जाळून केलेल्या विषारी धुराने ते गुदमरले असावेत, असे पुरातत्त्वज्ञ सायमन जेम्स यांनी २००९ मध्ये मांडले. नगर पडले आणि पुन्हा वसले नाही.

१९२० मध्ये ब्रिटिश सैन्याला खंदक खणताना येथील भित्तिचित्रे दिसली. फ्रान्झ क्युमाँ यांनी प्रारंभीचे उत्खनन केले. १९२८ ते १९३७ या काळात येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमीने ते पुढे नेले. भरावाखालून इ.स. २४४-४५ मधील ज्यू प्रार्थनास्थळाच्या चित्रित भिंती निघाल्या. प्राचीन ज्यू परंपरेत मानवाकृतींच्या चित्रांना थारा नव्हता, हा समज त्यांनी मोडीत काढला. ही चित्रे आज दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ज्ञात ख्रिस्ती उपासनागृहांपैकी अतिप्राचीन गणल्या जाणाऱ्या घरातील चित्रे येलकडे गेली.

२०११ पासूनच्या यादवीत मात्र या स्थळाची बेसुमार लूट झाली. तटाच्या आतील भूमीची चाळण झाल्याचे उपग्रह छायाचित्रांत दिसते. चोरलेली वस्तू कधी तरी परत मिळेलही. पण ती कोणत्या घरात, कोणत्या थरात होती, हे ज्ञान परत मिळत नाही. शत्रूच्या वेढ्यातूनही मातीने जे वाचवले, ते आपल्या काळात फावड्यांनी विस्कटले.