चौथ्या पिढीचे ग्रेस मार्क

वेळापुरात अर्धनारीनटेश्वराच्या देवळाबाहेर बसून मी नातीशी व्हिडिओवर बोलतो. या 'फोर-जी'ची गोष्ट मास्तरांनी ऐकावी अशीच आहे. २००८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने पेपर काढला: वेगात जाताना सेकंदाला १०० मेगाबिट, एका जागी १ गिगाबिट. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ओस्लोत सुरू झालेलं एलटीई तिथवर पोचत नव्हतं. तरी डिसेंबर २०१० मध्ये संघटनेने यालाही फोर-जी म्हणायला हरकत घेतली नाही. ग्रेस मार्कच की! २०१२ मध्ये कोलकात्यात आलं तेही हेच.

मी मात्र एका पोराला दोन मार्कांसाठी नापास केलं. त्याने शाळाच सोडली. नातीचा चेहरा स्पष्ट दिसतो, तेव्हा तो पोरगा आठवतो.