एका राज्याची दोन गाणी

एखादे गाणे लोकांच्या तोंडी पुरते रुळले, की ते कोणी रचिले, कोठे रचिले आणि प्रथम कोणाच्या कंठातून निघाले, ही चौकशी हळूहळू मागे पडते. फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ साली रूजे द लील नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने स्ट्रासबुर्ग येथे रचिले. परंतु मार्सेय शहराचे स्वयंसेवक ते गात गात पॅरिसात शिरले म्हणून गाण्यास नाव मिळाले ते मार्सेयचे, आणि ज्याने ते रचिले त्या गृहस्थास क्रांतीच्याच राजवटीत तुरुंग पाहावा लागला. याच्या उलट, लिव्हरपूलच्या 'बीटल्स' मंडळींनी १९६७ साली आपल्या गावच्या पेनी लेन नावाच्या एका साध्या रस्त्यावर गाणे केले, तेव्हा त्या गाण्याचे वेडे लोक रस्त्याच्या नावाच्या पाट्याच उचलून नेऊ लागले! पाट्या चोरणे काही स्तुत्य नव्हे. पण गाण्यामागचे गाव पाहण्याची ही ओढ आपल्याकडेही थोडी असती तर बरे झाले असते, असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे.

ह्या विचारास निमित्त झाले ते कोयनानगरचे. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याशी समांतर अशी दक्षिणेस वाहत येते, हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेस मिळते. त्या वळणाच्या अलीकडे, पाटण तालुक्यात, धरणाशेजारी हे गाव वसले आहे. तेथे एका सकाळी शाळेतील मुलांच्या तोंडून आम्ही राज्यगीत ऐकिले. गीतात महाराष्ट्राच्या नद्यांची नावे ओवली आहेत, आणि त्यांत कोयनेचेही नाव आहे. समोर नदी, मागे धरणाची भिंत, आणि मुले आपल्याच नदीचे नाव घेऊन गात आहेत, हे पाहून मन प्रसन्न झाले. पण लगेच दुसरे एक गाणे आठवले. तेही ह्याच मुलखातील माणसाचे, त्याच चळवळीतले. परंतु ते कोणत्याही शाळेच्या प्रांगणात नित्य गाइले जात नाही. ह्या दोन गाण्यांची हकीगत शेजारी शेजारी ठेवून वाचावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम मुलखाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी पूर्वी त्यांचा मोठा भाग एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. ह्या जुन्या साताऱ्याने महाराष्ट्रास शाहीर किती दिले! वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. घरी कुलकर्णीपणाचे वतन असता हे गृहस्थ ढोलकीच्या नादी लागले, पठ्ठे बापूराव झाले, आणि पवळा ह्या असामान्य कलावतीच्या साथीने त्यांनी मुंबईचे तमाशाचे थिएटर गाजविले. जातीने ब्राह्मण असलेला कवी आणि महार समाजातील गायिका एकाच फडात उभी राहिली, ही गोष्ट त्या काळच्या सभ्य समाजास पचली नाही. मात्र त्याच समाजातील पुष्कळ मंडळी त्यांच्या लावण्या चोरून ऐकत असत, यात आम्हांस शंका नाही. १९४५ साली बापूराव वारले ते विपन्नावस्थेत. लावणीस रसिक होते. लावणी करणाऱ्यास मात्र वाली नव्हता.

त्याच वाळवे तालुक्यात वाटेगाव येथे १९२० साली, मांग समाजातील एका गरीब घरात, अण्णाभाऊ साठे जन्मले. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा, असे सांगतात. लहान वयातच वडिलांबरोबर पायी चालत त्यांनी मुंबई गाठली, मिळेल ते काम केले, गिरणीत राबले. आणि नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात त्यांच्या हाती ढोलकी आली. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभारले. तमाशाचे जुने अंग त्यांनी मोडले नाही, त्यात नवा जीव घातला. आरंभीच्या गणात देवतेच्या ठिकाणी मातृभूमीस व कष्टकऱ्यास वंदन आले, आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार व मजूर येऊन उभे राहिले.

'माझी मैना' हे गाणे ह्याच हाताने लिहिले. त्याची जात छक्कड, म्हणजे लावणीचाच एक चटकदार प्रकार. वरवर पाहता विषय जुनाच आहे : पोटासाठी मुंबईस आलेला नवरा गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झाला आहे. तिचे रूप, निघताना तिची झालेली दशा, मुंबईतील गर्दी व उपासमार, हे सारे तो सांगत जातो. सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या गिरणीकामगारांपैकी ज्याच्या घरी हीच कथा नव्हती असा माणूस विरळा. ऐकणारा अशा रीतीने पुरता गाण्यात गुंतला, की मग शाहीर डाव टाकतो. शेवटी शेवटी कळते की, मैना ही नुसती बायको नव्हे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हा जो मराठी मुलूख हातचा जात होता, त्याची ताटातूट ती हीच. राज्यपुनर्रचनेचा वाद पुष्कळांनी नकाशे व शिरगणतीचे आकडे मांडून समजाविला. अण्णाभाऊंनी तो विरही नवऱ्याच्या तोंडून समजाविला. आमच्या मते एवढे समर्थ राजकीय रूपक त्या काळच्या मराठी कवितेत दुसरे क्वचितच सापडेल.

ह्या गाण्यास आवाज मिळाला तो अमर शेखांचा. बार्शीकडचा हा पहाडी गळ्याचा शाहीर मैदानातील हजारोंच्या सभा बांधून ठेवीत असे. १९५५ च्या नोव्हेंबरात मुंबईस फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढे चळवळीत शंभराहून अधिक माणसे बळी पडली. अशा दिवसांत हे गाणे सभांतून गाइले गेले. १९५६ साली बेळगाव व कारवार म्हैसूर राज्यात गेले. १९६० साली डांग व उंबरगाव गुजरातेत राहिले. महाराष्ट्र झाला, पण गाण्यातील मैना आली नाही. रचणारा व गाणारा हे दोघेही १९६९ साली, अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने, निवर्तले.

आता दुसरे गाणे. वाई तालुक्यातील पसरणी येथे १९२३ साली कृष्णराव गणपतराव साबळे जन्मले. साने गुरुजींच्या सहवासाने त्यांच्या गाण्यास समाजसुधारणेचे वळण लागले. राज्यस्थापनेच्या सुमारास कवी राजा बढे यांचे 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले आणि शाहीर साबळे यांनी गाइले. यात एक मौज आहे. बढे नागपूरचे, खळे बडोद्यात वाढलेले, आणि गाणारा कृष्णाकाठच्या वाई मुलखातला. ज्या एकीकरणासाठी एवढा झगडा झाला, ते ह्या तिघांनी एका गाण्यात सहज साधले. विदर्भाचा शब्द, बडोद्याच्या वाऱ्यावर पोसलेला स्वर आणि देशावरचा खडा आवाज! त्यात नद्यांची नावे का आली, हेही मग उमगते. नर्मदेपासून कृष्णेपर्यंतचे पाणी एकच, असे कवीस सांगावयाचे होते. १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे शिवजयंतीच्या मुहूर्तावर, ह्या गीताची दोन कडवी महाराष्ट्राचे राज्यगीत झाली. तो मान पाहण्यास शाहीर साबळे हयात नव्हते. २०१५ साली ते वारले होते.

तेव्हा एकाच जुन्या जिल्ह्यातील, तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन शाहिरांचा दोन गाण्यांशी असा संबंध आला. एकाने जे मिळाले त्याचा जयजयकार गाइला, दुसऱ्याने जे राहिले त्याचा विरह लिहिला. राज्यगीत म्हणून शासनाने जयजयकार निवडला, यात चूक काही नाही. विरहाचे गाणे म्हणून कोणते राज्य आपला दिवस सुरू करील? परंतु इतिहास शिकणाऱ्याने मात्र एकच गाणे पाठ करून भागावयाचे नाही. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला, तो अण्णाभाऊंच्या त्या शेवटच्या कडव्यातलाच दावा होय.

आणि कोयनानगरास उभे राहिले की ही गोष्ट अधिकच जाणवते. ज्या सुमारास गाण्यात कोयनेचे नाव आले, त्याच सुमारास तिच्या खोऱ्यातील गावे उठत होती. धरणाची भिंत पायापासून १०३ मीटर चढली, शिवसागर जलाशय भरला, आणि सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरणाऱ्या पाण्याने वीज निर्माण होऊन ती मुंबईपर्यंत गेली. घरे व शेते सोडून लोक कोणी सांगलीकडे, कोणी सोलापूर, ठाणे, कुलाबा अशा परक्या जिल्ह्यांत गेले. पुनर्वसनासाठी त्यांतील कित्येकांस दोन दोन पिढ्या आंदोलने करावी लागली. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. मैनेच्या गाण्यातील नवऱ्यास निदान एवढा आधार होता की, गाव जागच्या जागी आहे आणि केव्हातरी परत जाता येईल. कोयनाकाठच्या माणसांची मैना पाण्याखालीच राहिली.

शाळेतील ती मुले नदीचे नाव घेऊन गात होती तेव्हा हे सारे त्यांना ठाऊक असावे, अशी आमची अपेक्षा नव्हती. पण त्यांच्या गुरुजनांनी एखाद्या दिवशी राज्यगीत संपल्यावर पाच मिनिटे काढावी, पसरणी व वाटेगाव ही दोन गावे नकाशावर दाखवावी, आणि मग जलाशयाकडे बोट करून तेथे कोणकोणती गावे होती तेही सांगावे. गाण्यातील नदीचे नाव मुलांना पाठ आहेच. त्या गावांची नावेही त्यांच्या तोंडी राहिली, तर गाणे अधिक खरे होईल.