लपवलेल्या डब्याची राखण कोण करतं?

एखादी वस्तू लपवायची, पण ती सापडलीही पाहिजे. ज्याला सापडेल तो ओळखीचा नसणार, आणि त्याच्यावर नजर ठेवायला तिथे कोणी नसणार. त्याने ती उघडावी, पाहावी, हाताळावी आणि होती तशी परत लपवून निघून जावं. या अटींवर कुठलीही गोष्ट महिनाभरसुद्धा टिकणार नाही, असं कोणीही व्यवहारी माणूस सांगेल. पण इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमधल्या डार्टमूर नावाच्या माळरानावर हा उद्योग १८५४ सालापासून चालू आहे. त्याला म्हणतात लेटरबॉक्सिंग. खडकाच्या कपारीत दडवलेला एक डबा, आत एक रबरी शिक्का आणि एक वही. शोधणाऱ्याने तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. बक्षीस काहीही नाही.

या छंदाचा इतिहास सहसा गमतीदार किश्श्यांच्या अंगाने सांगितला जातो. पण तो ‘डबे हरवू कसे द्यायचे नाहीत’ या प्रश्नाच्या अंगाने वाचला तर जास्त हाती लागतं. कारण दीडशेहून अधिक वर्षांत या मंडळींनी जवळजवळ प्रत्येक उपाय करून पाहिला आहे, आणि प्रत्येक उपायाने काहीतरी वाचवलं तसं काहीतरी गमावलंही आहे.

अंतर हेच कुलूप

डार्टमूर आपल्याला अगदीच अनोळखी नाही. शेरलॉक होम्सच्या ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मधला तो धुक्याचा आणि दलदलीचा माळ हाच. ग्रॅनाइटचे उघडे सुळके, ज्यांना तिथे ‘टॉर’ म्हणतात. त्यांच्यामध्ये मैलोन्‌मैल गवत आणि पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत जाईल अशी पीटची काळी, ओली माती. माळाच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची जागा आहे. नावात तळं असलं तरी तिथे पाणी फारसं नसतं. पीटमधला एक निचरा झालेला खोलगट भाग एवढंच. आजूबाजूला काही नद्यांचे उगम, आणि वस्ती कुठेच नाही. तिथे पोचणं हाच पराक्रम.

चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांना तिथे घेऊन जायचा. १८५४ मध्ये त्याने क्रॅनमिअरला एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून आलेल्या माणसाने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं, म्हणजे ‘मी इथवर आलो होतो’ याचा पुरावा राहील. त्या काळात आल्प्समध्ये शिखर गाठणारे गिर्यारोहकही अशाच बाटल्यांत आपली नावं ठेवत असत. कार्ड बाळगणारा वर्ग, सोबत भाड्याचा वाटाड्या आणि दिवसभराची चाल, अशी तिहेरी चाळणी होती. बाटली पळवायची तर आधी क्रॅनमिअरला जायला हवं, आणि जो तिथे जाईल त्याला ती बाटली पळवावीशी वाटणार नाही, हा त्यातला न बोललेला हिशोब.

१८८८ मध्ये बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली, १९०५ मध्ये नोंदवही आली. मधल्या काळात पोस्टकार्डं सर्रास झाली होती. ब्रिटनमध्ये ती १८७० मध्ये सुरू झाली (आपल्याकडे १८७९ मध्ये, पाव आण्याला). मग लोक स्वतःच्या किंवा मित्राच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं कार्ड पेटीत टाकू लागले. पुढचा जो कोणी येईल त्याने ते खाली गावात नेऊन टपालात टाकायचं आणि आपलं कार्ड पेटीत ठेवायचं. ‘लेटरबॉक्स’ हे नाव इथून रूढ झालं.

ही पद्धत बारकाईने बघण्यासारखी आहे. इथे पेटीतली वस्तू जाणं अपेक्षितच होतं. तुमचं कार्ड घरी पोचलं, तर तुमच्यानंतर कोणीतरी तिथे गेलं आणि त्याने आपलं काम केलं, हे कळायचं. ते उशिरा आलं तर मधल्या आठवड्यांत हवा वाईट होती असं समजायचं. पेटीची खबर देण्याची यंत्रणा पेटीतच होती. आणि येणारा प्रत्येक जण आधीच्याचा हमाल आणि नंतरच्याचा यजमान होता. नुसता पाहुणा कोणीच नव्हता.

दगड, आणि दगडाची मर्यादा

पुढे रबरी शिक्का आला आणि गणित बदललं. शिक्क्याची गंमत अशी की तो कितीही वेळा ‘नेला’ तरी जागेवरच राहतो. तुम्ही नेता तो फक्त ठसा. पण त्यामुळेच डब्यात पहिल्यांदा एक अशी वस्तू आली जी चोरण्यासारखी होती. कार्डं ज्याची त्याची असत. शिक्का त्या जागेचा असतो, एकच असतो, आणि खिशात मावतो.

१९३७ मध्ये ‘वेस्टर्न मॉर्निंग न्यूज’ या स्थानिक वृत्तपत्राने पुढाकार घेतला आणि क्रॅनमिअरला दगडी पेटी बांधली गेली. पुढच्याच वर्षी माळाच्या दक्षिण भागात डक्स पूल इथे विल्यम क्रॉसिंगच्या (१८४७–१९२८) स्मरणार्थ पेटी झाली. डार्टमूरचा कोपरा न् कोपरा पायाखाली घालून १९०९ मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शिका लिहिणाऱ्या माणसाचं हे उचित स्मारक म्हणायला हवं.

दगडी पेटी वाऱ्याने उडत नाही, गुराच्या पायाखाली चेपत नाही. पण ती लपतही नाही. ती नकाशावर येते, आणि मग तिच्यापर्यंत कोण येतं यावर कुणाचा ताबा राहत नाही. उत्तर डार्टमूरचा मोठा भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावासाठी वापरला जातो, क्रॅनमिअरही त्यातच येतं. लष्कराने आपल्या सोयीसाठी माळावर रस्ता केला आणि दिवसभराची चाल काही काळ तास-दोन तासांवर आली. पेरटच्या बाटलीचं खरं कुलूप होतं ते अंतर, आणि ते असं कुणी न ठरवता निघून गेलं.

शंभराचं दार

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत माळावर अशा पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. मग छंदाने एकदम उसळी घेतली. दहा-पंधरा वर्षांत शेकडो, नंतर हजारो डबे माळावर आले. लष्करी दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या, खाऊचे प्लास्टिकचे डबे, औषधांच्या गोळ्यांच्या बरण्या, जे मिळेल ते. दगड उलथले जाऊ लागले, हजारो वर्षांपूर्वीच्या दफनस्थळांच्या दगडांमध्ये हात घातले जाऊ लागले. डार्टमूर १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाच्या अधिकाऱ्यांना आणि जमीनमालकांना हे चालण्यासारखं नव्हतं. आता डबे चोरांमुळे नव्हे तर बंदीमुळे जातील अशी वेळ आली.

यातून आचारसंहिता निघाली. पुरातन अवशेषांत, भिंतींत, पडक्या इमारतींत डबा ठेवायचा नाही. कुणाला इजा होईल अशा अवघड जागी ठेवायचा नाही. सिमेंट किंवा कुठलंही बांधकामाचं साहित्य वापरायचं नाही. या शेवटच्या नियमातली विसंगती गमतीची आहे. डबा पक्का बसवणं हा त्याला वाचवण्याचा सर्वांत सरळ उपाय, आणि तोच निषिद्ध. डबा उचलता आला पाहिजे. म्हणजेच तो चोरता आला पाहिजे. ही जोखीम या लोकांनी उघड्या डोळ्यांनी पत्करली, कारण तिच्याशिवाय माळच त्यांच्या हातून गेला असता.

याच काळात गॉडफ्रे स्विन्सको यांच्या पुढाकाराने ‘हंड्रेड क्लब’ सुरू झाला. शंभर वेगवेगळ्या डब्यांचे ठसे गोळा केले की तुम्ही सभासद. सभासदांसाठी डब्यांच्या ठावठिकाण्याची सूची निघते. म्हणजे सूची हवी तर आधी सूचीशिवाय शंभर डबे शोधायचे. कसे? एखादा डबा सापडला की त्यातल्या वहीत कधी दुसऱ्याची खूण मिळते. टॉरवर भेटलेला अनुभवी माणूस दोन-चार ठिकाणं सांगतो. काही डबे तर फक्त तोंडी सांगूनच पुढे जातात. शंभर पूर्ण होईपर्यंत माणूस निदान शंभर वेळा डबा परत ठेवून बसलेला असतो. दगड कसा सरकवायचा, झाकण घट्ट लागलं का ते कसं पाहायचं, कोणी बघत असेल तर बुटाची नाडी बांधत कसं थांबायचं, हे सगळं हाताला लागलेलं असतं. जुन्या घराण्यात शिष्याला चीज मिळण्याआधी वर्षानुवर्षं तंबोरा धरावा लागे, त्यातलाच हा प्रकार. किल्ली मिळेपर्यंत राखणदाराची सवय लागून गेलेली असते.

अर्थात यातही एक किंमत आहे. अशी दारं बाहेरच्यांना अढीची वाटतात, आणि नवे लोक येईनासे झाले तर राखण करणारेही उरत नाहीत. गुप्तता वाढवत नेली तर एक दिवस डबा सुरक्षित राहतो, पण तो शोधणारं कोणी नसतं. मग तो हरवलेला नाही असं कोणत्या अर्थाने म्हणायचं?

डबे खरोखर कसे जातात

चोरी हे त्यातलं सर्वांत नाट्यमय कारण, पण डबे जायला चोर लागतोच असं नाही. पाणी शिरतं, वही भिजते, कुजते. डार्टमूरवर वाढलेलं गवत-झुडूप ठरावीक काळाने जाळतात, त्यात प्लास्टिक वितळतं. आणि सगळ्यांत घातक ठरू शकतो तो भला माणूस. त्याला डबा सापडतो, जागा फारशी सुरक्षित वाटत नाही, म्हणून तो चार पावलांवरच्या ‘बऱ्या’ कपारीत ठेवतो. डबा शाबूत असतो, पण पुढच्या सगळ्यांसाठी तो गेलेलाच असतो.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात कुणाचाच दोष नाही. डार्टमूरच्या खुणा बहुधा होकायंत्राच्या अंशांत दिलेल्या असतात: अमुक टॉर इतक्या अंशांवर, तमुक झाड इतक्या. आता चुंबकीय उत्तर दिशा स्थिर नसते. चाळीस वर्षांपूर्वी डेव्हनमध्ये ती खऱ्या उत्तरेपासून सहा-सात अंश पश्चिमेला होती. नंतर ती सरकत सरकत खऱ्या उत्तरेच्या जवळ आली. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमधल्या लँग्टन मॅट्राव्हर्स गावी खरी उत्तर, नकाशाची उत्तर आणि चुंबकीय उत्तर एका रेषेत आल्याचं ब्रिटिश नकाशा संस्थेने, ऑर्डनन्स सर्व्हेने, जाहीर केलं. पाच अंशांची चूक म्हणजे शंभर मीटरवर जवळजवळ नऊ मीटर, आणि खूण किलोमीटरभर लांबच्या टॉरवरून घेतली असेल तर पंच्याऐंशीहून जास्त. म्हणजे जुन्या वहीतली खूण अक्षरशः खरी, डबा जागेवर, आणि तरी दोघांची गाठ पडत नाही. डबा हलला नाही. त्याच्याभोवतीची उत्तर दिशा हलली.

समुद्रापलीकडे

एप्रिल १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात डार्टमूरच्या या छंदावर लेख आला, आणि अमेरिकेत तो पसरला. तिथे शिक्के बहुधा हाताने, खोडरबरात कोरलेले असतात. त्यामुळे एक डबा गेला म्हणजे कुणाच्या तरी संध्याकाळी गेल्या. खुणाही कोड्यांच्या, गोष्टींच्या रूपात लिहिल्या जाऊ लागल्या. वाचणाऱ्याने थोडे कष्ट घेतल्याशिवाय जागा कळू नये, हा त्यातला हेतू. दिवसभराची चाल उरली नव्हती, तिची जागा कोड्याने घेतली.

दोनच वर्षांनी, २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसमधली जाणूनबुजून ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमध्ये एक बादली पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. हे जिओकॅशिंग. ती पहिली बादली पुढे गवत कापण्याच्या यंत्राखाली आली. आज तिथे एक फलक आहे. या खेळात जागा सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे डबे जातातही सहज. अनभिज्ञ माणसाला तिथे हॅरी पॉटरमधला ‘मगल’ हा शब्द वापरतात, आणि डबा गेला की तो ‘मगल झाला’ म्हणतात. पण ‘सापडला नाही’ अशी नोंद त्याच दिवशी होते आणि मालक नवा डबा ठेवतो. गुप्ततेने जे राखायचं ते इथे तत्पर दुरुस्तीने राखलं जातं.

यातली कुठली रीत बरी, हे वस्तूवर ठरेल. दुकानात मिळणारा डबा असेल तर दुरुस्ती पुरते. हाताने कोरलेला शिक्का आणि वीस वर्षांच्या सह्यांची वही असेल तर ती परत आणता येत नाही, तिथे दारावर कोणीतरी असावं लागतं. दोन्ही रीतींत एक गोष्ट मात्र तीच आहे. कुंपण, सिमेंट किंवा कुलूप यांच्या जोरावर एकही डबा टिकलेला नाही. जे टिकले ते आधीच्या शोधणाऱ्याने झाकण नीट लावलं, दगड होता तसा टेकवला आणि जागा कोणाला सांगायची याचा विचार केला म्हणून. पेरटच्या बाटलीजवळ उभं राहून आपलं कार्ड टाकणाऱ्याला ती बाटली आता आपलीही आहे, असं वाटत असणार. ते वाटणं पुढच्यापर्यंत पोचवण्याची रीत दर पिढीला नव्याने शोधावी लागली आहे, आणि पुढेही लागेल.