रात्र राखणारं गाव

"आकाशदर्शनाला कुठे जायचं?" असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. लांब जा! मुंबईकर वांगणीची लोकल पकडतात, पुणेकर भोर-वेल्ह्याकडे गाड्या काढतात, आणि सातारा-रत्नागिरीसारख्या लहान शहरातली मंडळी अर्ध्या तासावरचं एखादं पठार गाठतात. लहान शहराचा हा मोठा फायदा.

ह्यामागे साधं गणितही आहे. मर्ल वॉकर नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शहरांच्या उजेडाची मोजमापं करून एक ढोबळ सूत्र मांडलं. शहरामुळे आकाशात पसरणारा उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घातात कमी होतो. म्हणजे अंतर दुप्पट केलंत तर उजेड साडेपाच पटीहून जास्त कमी! पेट्रोलचे पैसे वसूल.

पण गोम अशी आहे की शहरही आपल्या मागोमाग येतं. आज अंधारी असलेली जागा दहा वर्षांनी अंधारी राहीलच असं नाही. हौशी लोकांचं सोडा, वेधशाळांनाही हा पळापळीचा खेळ खेळावा लागलाय. हैदराबादची निझामिया वेधशाळा बेगमपेठला होती. १९६० च्या दशकात ४८ इंची दुर्बीण बसवायची वेळ आली तेव्हा ती शहराबाहेर दूर रंगापूरला बसवली. नैनितालच्या खगोलशास्त्रज्ञांनी नव्या मोठ्या दुर्बिणींसाठी देवस्थळचा डोंगर शोधला. पुण्याच्या आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यात नाहीच, ती जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर आहे.

मग प्रश्न असा पडतो की अंधाराच्या मागे पळण्याऐवजी एखाद्या शहराने आपला अंधार जागच्या जागी राखायचं ठरवलं तर? असं एक शहर खरंच आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फ्लॅगस्टाफ. ग्रँड कॅनियनला जाताना फिनिक्सहून गाडी हाकणारे असंख्य मराठी लोक इथे कॉफीपुरते थांबतात आणि पुढे जातात. जेमतेम ७५ हजार वस्तीच्या या गावाची गोष्ट मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात झाली १८९४ मध्ये. बॉस्टनच्या पर्सिव्हल लोवेल या गडगंज श्रीमंत माणसाला मंगळाने झपाटलं होतं. मंगळावर कालवे आहेत आणि ते कोणीतरी बुद्धिमान प्राण्यांनी खोदलेत अशी त्याची खात्री होती. त्या वर्षी ऑक्टोबरात मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार होता, म्हणजे डेडलाईन ठरलेली! (प्रोजेक्टवाल्यांना दुःख कळेल.) त्याने अँड्र्यू डग्लस या तरुण सहकाऱ्याला सहा इंची दुर्बीण देऊन ॲरिझोनात पाठवलं. डग्लस टूम्बस्टोन, टूसॉन, टेंपी, प्रेस्कॉट अशी गावं पालथी घालत फ्लॅगस्टाफला पोचला. उंची सुमारे सात हजार फूट, कोरडी हवा आणि मुख्य म्हणजे रेल्वे दारात. लोवेलने हेच ठिकाण पक्कं केलं आणि गावालगतच्या टेकडीवर काही आठवड्यांत वेधशाळा उभी राहिली. त्या टेकडीला आजही मार्स हिल म्हणतात.

कालवे अर्थातच निघाले नाहीत, तो डोळ्यांचा भास होता. पण त्या टेकडीने दुसरंच काहीतरी दिलं. १९१२ मध्ये व्हेस्टो स्लायफर याने इथल्या २४ इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचा वर्णपट घेतला आणि ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय असं मोजलं. पुढच्या काही वर्षांत त्यालाच दिसलं की अशा बहुतेक दीर्घिका उलट आपल्यापासून दूर चालल्यात. विश्व प्रसरण पावतंय या शोधाचा पाया तिथे घातला गेला. आणि १८ फेब्रुवारी १९३० ला क्लाईड टॉमबॉ या २४ वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराने दोन फोटो-प्लेट्स ताडून पाहताना प्लूटो शोधला.

या दोन्ही कामांचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. प्लेट तासन्‌तास आकाशाकडे उघडी ठेवावी लागायची. जितका वेळ ताऱ्याचा प्रकाश तिच्यावर जमतो, तितकाच वेळ शहराचा उजेडही जमतो. शेवटी अख्खी प्लेट धुरकट होते आणि अंधूक ठिपका त्यात बुडून जातो. म्हणजे उजेड हा वेधशाळेसाठी थेट धंद्याचा प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नवंच फॅड आलं. नवीन दुकान उघडलं, सिनेमा लागला की दारात मोठा सर्चलाईट लावून त्याचा झोत आकाशात फिरवायचा. (आपल्याकडे लग्नाच्या लॉनवर होतं तेच.) फ्लॅगस्टाफ तेव्हा १८ हजारांच्या आसपास वस्तीचं, लाकूड आणि रेल्वेवर जगणारं गाव. १९५५ मध्ये अमेरिकी नौदलाची वेधशाळाही आपली ४० इंची दुर्बीण वॉशिंग्टनहून उचलून इथे आली होती. अशा वेळी १५ एप्रिल १९५८ ला नगरपालिकेने ठराव क्रमांक ४४० मंजूर केला: शहराच्या हद्दीत जाहिरातीसाठी सर्चलाईट लावायला बंदी! मोडणाऱ्याला ३०० डॉलरपर्यंत दंड आणि ९० दिवसांपर्यंत कैद. जगात अंधारासाठी झालेल्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी हा एक.

गावाने हे काम तिथेच सोडलं नाही. पुढे दिव्यांना वरून झाकण असलंच पाहिजे असे नियम आले. आणि १९८९ मध्ये खरी मोठी उडी मारली. प्रत्येक एकरामागे एकूण किती उजेड वापरायचा यालाच कमाल मर्यादा घातली. वेधशाळांच्या सगळ्यात जवळच्या पट्ट्यात ही मर्यादा एकरी २५ हजार ल्युमेन्स होती. चाळीस गुंठ्यांत जुन्या १०० वॅटचे पंधरा-वीस बल्ब, एवढंच बजेट! मग पेट्रोल पंप असो की मॉल, त्यातच भागवायचं.

शिवाय दिव्याचा रंगही ठरवला. लो प्रेशर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा असतो, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ तेवढाच भाग गाळून टाकू शकतात. दुसरं, हवेत निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो. आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. आपल्याकडच्या पांढऱ्याफटक एलईडी दिव्यांत हा निळा भाग भरपूर असतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. आता त्या सोडियम दिव्यांचं उत्पादन बंद झालंय आणि फ्लॅगस्टाफ तशाच पिवळ्या रंगाच्या खास एलईडींकडे वळलंय.

२४ ऑक्टोबर २००१ ला इंटरनॅशनल डार्क-स्काय असोसिएशनने फ्लॅगस्टाफला जगातलं पहिलं 'डार्क स्काय सिटी' म्हणून मान्यता दिली.

आता उगाच परीकथा करायला नको. कायदे असूनही लोवेल वेधशाळेला मोठ्या दुर्बिणींसाठी बाहेर जावंच लागलं. १९६१ पासून अँडरसन मेसा या शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या पठारावर, आणि २०१२ मध्ये ४.३ मीटरची दुर्बीण त्याहूनही बऱ्याच दूर. गाव वाढलं की उजेड वाढतोच. पण तुलना करायची तर लॉस एंजेलिसशी करा. तिथल्या माऊंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून हबलने दीर्घिकांची अंतरं मोजली. स्लायफरचे वेग आणि हबलची अंतरं मिळून प्रसरणशील विश्वाचं चित्र पूर्ण झालं. पण १९८५ मध्ये ती दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेने ती बंद केली, कारण खालच्या शहराच्या झगमगाटात अंधूक वस्तूंचं काम होईना. काही वर्षांनी ती पुन्हा सुरू झाली खरी, पण दूरच्या दीर्घिकांचं काम हातचं गेलंच. मार्स हिलवर मात्र लोक आजही रात्री दुर्बिणीला डोळा लावून उभे असतात, गावाच्या बाजारपेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आपल्याकडे याची सुरुवात झालीय. २०२२ मध्ये लडाखमधल्या हानलेभोवती डार्क स्काय रिझर्व्ह घोषित झालं. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी सिल्लारी आणि आजूबाजूच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे बसवले. यात गावं अंधारात गेली नाहीत हे महत्त्वाचं. उजेड होता तिथेच आहे, फक्त वर जाणारा वाया उजेड थांबला. पण हानले आणि पेंच म्हणजे विरळ वस्ती आणि जंगल. गजबजलेल्या शहराने हे करून दाखवण्याची गोष्ट अजून बाकी आहे.

तोवर लांब जावंच लागणार, तर एक उपयोगाची टिप. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा आणि शहराच्या दक्षिणेला जा, उत्तरेला नाही. वृश्चिक-धनू भागातली आकाशगंगेची सगळ्यात दाट पट्टी आपल्याला दक्षिणेकडे दिसते, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागे राहतो. मोबाईल खिशात ठेवून डोळ्यांना निदान वीस मिनिटं द्या.

आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये गच्चीवरच्या त्या हॅलोजनचं तोंड खाली करायचा विषय काढून बघा. फ्लॅगस्टाफनेही सुरुवात एका सर्चलाईटच्या ठरावानेच केली होती.