वाकड्या बोटांची हकीकत

वाचकहो, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून पाहा. तिथले मांस टणक लागते ना? बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते तिथे, वर बसलेले असतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांप्रमाणे लांब कंडरा त्यांच्यापासून निघून बोटांना ओढतात. शाळेत मुलांना हे करून दाखवा, चित्रापेक्षा लवकर समजेल.

कुष्ठरोगात बोटे वाकडी होतात, ती का? कोपर आपटले की जिच्यामुळे झिणझिण्या येतात, ती नस रोगाचे जंतू बिघडवतात. मग तळहातातले बारीक स्नायू लुळे पडतात, तोल जातो आणि बोटे आत वळून पक्ष्याच्या नख्यांसारखी दिसू लागतात. कितीतरी डॉक्टरसुद्धा तेव्हा म्हणत, अशा रोग्याचे मांसच खराब, तिथे टाका घालून काय उपयोग?

1947 साली वेल्लोरचे शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड हे मद्रासजवळ चिंगलपट येथील कुष्ठालय पाहायला गेले. डॉ. रॉबर्ट कॉक्रेन त्यांना रोगी दाखवत होते. ब्रँडनी एका रोग्याच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि म्हटले, दाब. त्याने असा काही दाबला की ब्रँड कळवळले! अहो, लुळा म्हणून टाकून दिलेला हात, आणि त्याला एवढे बळ! म्हणजे कोपराखालचे स्नायू शाबूत होते.

मग युक्ती सुचली ती उसनवारीची. प्रत्येक बोटाला वाकवायला दोन कंडरा असतात. एकीवाचून काम भागते. ती एक सोडवायची, तिच्या पट्ट्या करायच्या आणि बोटांच्या बाजूंनी नेऊन नव्या जागी शिवायच्या. स्टाइल्स आणि बनेल या शल्यवैद्यांनी ही रीत आधीच वापरली होती. कुष्ठरोग्याच्या हातावर ती करून पाहण्याचे धाडस वेल्लोरला झाले. जखमा चांगल्या भरल्या. सुमारे तीन आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर खरी शाळा: जो स्नायू आजवर बोट वाकवत होता, त्यालाच आता बोट सरळ करायला शिकवायचे.

पण ऐका, पुढे काही रोगी परत आले आणि कुरकुरू लागले. हात नीट दिसू लागल्यावर भीक मिळेनाशी झाली होती! काम तर कुणी देत नव्हते. हसण्यासारखी नाही ही गोष्ट. ब्रँडनी ती मनावर घेतली आणि वेल्लोरला रोग्यांसाठी वसाहत व सुतारकामाची कार्यशाळा उभी केली. तिथे लाकडी खेळणी होऊ लागली. मात्र शस्त्रक्रियेने बोट वळते, गेलेली संवेदना परत येत नाही. म्हणून हत्यारांच्या मुठी जपून निवडायच्या आणि रोज दिवे लागायच्या वेळी प्रत्येकाने आपले हात नीट पाहायचे: कुठे फोड, कुठे चटका, कुठे कुसळ.