इजिप्तचा लव्हाळा इजिप्तमधूनच कसा गेला?

१९६९ सालची गोष्ट. गिझाच्या पिरॅमिडच्या मागे, वाळवंटात, एक होडी बांधणं चाललं होतं. बांधून घेणारा होता नॉर्वेचा थॉर हेयरडाल. प्राचीन इजिप्शियन लोक पपायरसच्या मोळ्या बांधून होड्या करत. तशी होडी अटलांटिक महासागरात टिकते का, हे त्याला स्वतः बसून बघायचं होतं. होडीचं नाव 'रा', म्हणजे इजिप्तचा सूर्यदेव.

नाव इजिप्तचं, जागा इजिप्तची, नमुना इजिप्तच्या थडग्यांमधल्या चित्रांचा. पण पपायरस आला होता इथिओपियातल्या ताना सरोवरातून, आणि बांधणारे कारागीर आणले होते चाडमधून.

का? तर इजिप्तमध्ये होडीला पुरेल इतका पपायरस उरला नव्हता आणि तशी होडी बांधणारा माणूसही उरला नव्हता. उद्या कोकणात नारळाची वाडी करायची म्हटलं आणि रोप बाहेरून, माणूसही बाहेरून आणायची वेळ आली तर कसं वाटेल? तसंच हे.

ज्या वनस्पतीवर एका संस्कृतीने तीन हजारांहून जास्त वर्षं आपला सगळा कारभार लिहिला, ती त्याच देशातून गेली कशी? दुष्काळाने नाही, रोगाने नाही, परकीय आक्रमणाने तर अजिबातच नाही. मित्रांनो, ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती फक्त इजिप्तची नाही.

आधी ओळख करून घेऊ. पपायरसला आपण सवयीने गवत म्हणतो, पण तो गवत नव्हे. तो लव्हाळ्याच्या कुळातला. दिवाळीच्या उटण्यात आपण जो नागरमोथा घालतो, त्याचा हा सख्खा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, सायपरस. फरक एवढाच की नागरमोथा वीतभर-हातभर वाढतो आणि पपायरस चार-पाच मीटर, म्हणजे पंधरा फुटांच्या आसपास. उथळ, संथ पाण्यात उभा राहतो. खाली चिखलात जाडजूड कंद आडवा पसरत जातो, वर तीन धारांचा गुळगुळीत दांडा आणि टोकाला हिरव्या धाग्यांचा झुबका.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशात याची रानंच्या रानं होती, आणि लोकांनी त्याचं काय केलं नाही? दोरखंड, चटया, टोपल्या, चपला, शिडं, होड्या. कंद वाळवून सरपण केलं, त्याच्यापासून भांडी केली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की दांड्याचा खालचा हातभर भाग लोक खातात, आणि तो गरम भट्टीत भाजला तर फारच छान लागतो. त्याच हेरोडोटसच्या सांगण्यानुसार इराणच्या झर्क्सिसने इ.स.पू. ४८० च्या ग्रीस मोहिमेसाठी समुद्राच्या सामुद्रधुनीवर जहाजांचा पूल बांधला, तेव्हा इजिप्शियनांनी वळलेले पपायरसचे दोर त्यात वापरले होते.

आणि मग कागद. खरं तर त्याला कागद म्हणू नये, पण दुसरा सोपा शब्द नाही. दांड्याची हिरवी साल सोलायची. आत भेंडासारखा पांढरा गर असतो, त्याच्या लांब पातळ पट्ट्या काढायच्या. एक थर उभा लावायचा, त्यावर दुसरा आडवा. मग ठोकायचं, दाबायचं, वाळवायचं. गराच्या ओल्या रसानेच दोन्ही थर एकमेकांना धरतात. शेवटी हस्तिदंताने किंवा शिंपल्याने घोटून गुळगुळीत करायचं आणि असे ताव एकापुढे एक चिकटवून गुंडाळी करायची.

सक्कारा इथे हेमाका नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात अशी एक गुंडाळी मिळाली. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि कोरी! २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फला लिहिलेले सगळ्यात जुने पपायरस सापडले. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. आपली चाळीसेक माणसांची टोळी घेऊन तो तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीने गिझाला पोचवत होता, खुफूच्या मोठ्या पिरॅमिडसाठी. कुठल्या दिवशी दगड भरले, कुठे मुक्काम केला, सगळं नोंदवलेलं. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले असा फॉरवर्ड पुढच्या वेळी आला, तर त्यांना मेररची रोजनिशी सांगा.

आपलाही यात धागा आहे बरं का. व्हिएन्नात एक पपायरस जपून ठेवलाय, इ.स. दुसऱ्या शतकातला. केरळच्या मुझिरिस बंदराशी चालणाऱ्या व्यापाराच्या कर्जाचा तो करार. मागच्या बाजूला 'हर्मापोलॉन' जहाजावरच्या मालाचा हिशोब आहे. गंगेकाठची जटामांसी, हस्तिदंत, आणि एकूण किंमत रोमच्या चलनात सुमारे ७० लाख सेस्टर्स. एका जहाजाच्या मालाचा इतका तपशीलवार हिशोब आज आपण वाचू शकतो, तो नाईलच्या चिखलातल्या या लव्हाळ्यामुळे.

शब्दांत तर तो रोज भेटतो. पपायरसवरून 'पेपर' आला. त्याच्या तावाला ग्रीक 'खार्तेस' म्हणत, लॅटिनमध्ये त्याचं 'कार्ता' झालं, आणि तिथून 'कार्ड' आणि 'चार्ट'. म्हणजे आपण रेशन कार्ड काढायला रांगेत उभे राहतो ना, त्या 'कार्डा'तही पपायरस आहे.

आता मुद्द्यावर येतो.

जी गोष्ट सगळ्यांना लागते, तिच्यावर राज्यकर्त्याचा डोळा असतोच. भूमध्य समुद्राभोवतीचा सगळा व्यवहार पपायरसवर चालायचा आणि माल मुख्यतः एकाच देशातून यायचा. ऑगस्टसच्या काळातले पपायरसच्या दलदलीचे भाडेकरार सापडले आहेत. म्हणजे तोवर ही दलदल 'कुणाचीही' राहिली नव्हती, तो उत्पन्नाचा मळा झाला होता.

त्याच काळात स्ट्रॅबो हा भूगोलकार इजिप्तमध्ये फिरला. त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे. महसूल वाढवू पाहणारे काही लोक पपायरस अनेक ठिकाणी उगवूच देत नाहीत. टंचाई झाली की भाव चढतो, उत्पन्न वाढतं, पण सर्वसामान्यांच्या वापराचं नुकसान होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे हे! साठेबाजी आपल्याला ठाऊक असते. इथे तर वनस्पतीच्या उगवण्यावरच बंधन.

एकाच ठिकाणावर अवलंबून राहिल्याचा फटका रोमलाही बसला. प्लिनी सांगतो की सम्राट टिबेरियसच्या काळात पपायरसचा असा तुटवडा पडला की वाटपासाठी सिनेटमधली माणसं नेमावी लागली, नाहीतर सगळे व्यवहार ठप्प झाले असते. ताव वाटायला सरकारी समिती!

सातव्या शतकात इजिप्तमध्ये अरब सत्ता आली. लोकांना वाटतं तिथेच पपायरस संपला. पण तसं झालं नाही. नव्या सत्तेलाही दफ्तर लागत होतं, महसूल लागत होता. गुंडाळीच्या पहिल्या तावावरचा सरकारी मजकूर ग्रीकऐवजी अरबी झाला, पण धंदा चालूच राहिला.

त्याला संपवलं कागदाने. चीनमध्ये जन्मलेला, चिंध्या आणि सालींच्या लगद्याचा कागद मध्य आशियातून पश्चिमेकडे सरकला. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला. चिंध्या कुठेही मिळतात. त्यासाठी नाईल लागत नाही, दलदल लागत नाही, कुणाची मक्तेदारी लागत नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धातलं इजिप्तमधलंच एक पत्र आहे. लिहिणारा शेवटी म्हणतो की पपायरसवर लिहितोय, माफ करा. बघा, तीन हजार वर्षं ज्याचा मान होता, त्याची लाज वाटू लागली! पुढच्या दोनेक शतकांत इजिप्तमधलं उत्पादन थांबलं. रोमच्या पोपचं दफ्तर तेवढं अकराव्या शतकापर्यंत त्याला चिकटून होतं.

इथे विचारायला हवं, की कागद आला म्हणून लिहिण्याचं साधन बदललं, हे ठीक. पण झाड का गेलं? ते तर उगवत राहायला हवं होतं. ताना सरोवरात ते उगवतंय, दक्षिण सुदानच्या सुद्द दलदलीत मैलोनमैल पसरलंय, युगांडात आहे.

माझ्या मते उत्तर हे आहे. ताना सरोवरात लोक आजही त्याच्या होड्या बांधतात, म्हणून त्यांना ते हवं आहे. सुद्दमध्ये पाण्याचा पसाराच इतका की शेताने ते गिळलं नाही. इजिप्तमध्ये ते नांगराखाली येऊ शकेल अशा जमिनीवर होतं आणि ती जमीन राखायचं मोठं कारण एकच उरलं होतं, विकाऊ ताव. होडी लाकडाची झाली, दोर दुसऱ्या धाग्यांचे झाले. तो एक ग्राहक गेल्यावर दलदल ही निव्वळ 'वाया गेलेली जमीन' ठरली. पाणी काढलं, बांध घातले, शेतं केली. भूक खरी होती, शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण झाडासोबत ते कापायची, सोलायची, ताव जोडायची विद्याही गेली, आणि ती कुणीच नीट लिहून ठेवली नव्हती. हाताची कामं लिहून ठेवावीत असं लिहिणाऱ्यांना कधी वाटत नाही, हीही आपल्या ओळखीची गोष्ट. प्लिनीचं वर्णन आहे, पण ते पुरेसं नाही.

विसाव्या शतकात हसन रगब नावाचा इजिप्शियन इंजिनिअर चीनमध्ये राजदूत होता. तिथे हाताने कागद करणारी माणसं बघून त्याला वाटलं की आपल्याकडचं काय झालं? परत येऊन त्याने सुदानमधून कंद आणले, नाईलच्या बेटावर लावले आणि ताव करण्याची रीत पुन्हा शोधायला वर्षं घालवली. पुढे त्यावरच ग्रेनोबलमधून डॉक्टरेटही मिळवली. १९६८ मध्ये वादी नत्रूनच्या एका तळ्याकाठी पपायरसचा छोटासा पुंजका रानातही सापडला. रगबच्या नंतर शर्किया प्रांतातल्या अल-करामूस गावात शेतकरी पपायरस लावू लागले. पण गिऱ्हाईक पुन्हा एकच, पर्यटक. २०११ ची उलथापालथ झाली, मग करोना आला, आणि पर्यटक आटले तशी शेतंही आटली. बाजारात केळीच्या पानांचे नकली 'पपायरस' मिळतात ते वेगळंच.

दुसरं टोक बघा. युगांडाची राजधानी कंपाला. शहराचं सांडपाणी नाकिवुबो दलदलीतून व्हिक्टोरिया सरोवरात जातं, आणि त्याच उपसागरातून शहराचं पिण्याचं पाणी उचललं जातं. मधला पपायरस ते सांडपाणी गाळतो, फुकट. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या अभ्यासकांनी या कामाची पैशात मोजदाद केली, तेव्हा कळलं की तेवढंच काम यंत्रांनी करायचं तर शहराला फार महाग पडेल. तरीही दलदलीवर कारखाने आणि शेतं चढतच गेली, आणि पाणी शुद्ध करायचा खर्च वाढत गेला.

तुकोबांचा लव्हाळा पुरातून वाचतो, हे आपण शाळेत शिकलो. इजिप्तचा लव्हाळा पुरात वाहून गेला नाही. वर्षानुवर्षं नाईलचा पूर त्याने झेलला. तो गेला महसुलाच्या वहीतून. वहीत त्याच्यापुढचा आकडा शून्य झाला, म्हणून गेला.

आपल्या सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीला 'पोटखराब' म्हणतात. पाण्याखालची, चिखलाची जमीन बहुतेक त्यातच जाते. शब्दातच निकाल दिलेला आहे. २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा झाली, नंतर लोणार आणि ठाणे खाडीही आली, याचा आनंद आहेच. पण यादीत नाव असलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि गावोगावची तळ्याकाठची, ओढ्याकाठची दलदल कुणाच्याच यादीत नाही. तिथे काय उगवतं, ते पूर्वी कोण कापून न्यायचं, कशाला वापरायचं, हे सांगणारी माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

तुमच्या गावाकडे असं एखादं पाणथळ असेल, तर घरातल्या आजीला, आजोबांना एकदा विचारा आणि त्यांनी सांगितलेलं इथे लिहा. साधंच लिहा, पण नावं आणि रीत नीट लिहा. इजिप्तमध्ये ते कुणी केलं नाही.