‘नोस्फेराटू’ या मूकपटाच्या घरगुती आवृत्त्या : एक पाठचिकित्सा

(१) मूळ प्रत नष्ट झालेली, तिजवरून उतरलेल्या नकला निरनिराळ्या देशांच्या दप्तरांत विखुरलेल्या, आणि त्या नकलांत नांवें, क्रम व मजकूर यांचा मेळ नाहीं, ही अवस्था हस्तलिखितांच्या शोधकांस नवी नाहीं. परंतु ज्याच्या नकला यंत्रानें निघतात, त्या चित्रपटाचीहि हीच गत होते, आणि तीहि अवघ्या कांहीं वर्षांच्या अवधींत, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच लक्षांत आली असेल. जुन्या मूकपटांच्या डीव्हीडी व ब्ल्यू-रे तबकड्या आतां पोथ्यांच्या शेजारीं संग्राहकांच्या कपाटांत येऊन बसल्या आहेत. त्यांची किंमत वेष्टनावरील चित्रावरून होते. पाठावरून होत नाहीं. म्हणून एका प्रसिद्ध जर्मन भयपटाच्या घरगुती आवृत्त्यांचा विचार पोथ्यांच्या रीतीनें येथें करण्याचें योजिलें आहे.

(२) हा चित्रपट म्हणजे फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाउ याचा ‘नोस्फेराटू’. आल्बिन ग्राउ व एन्रिको डीकमान यांनीं काढलेल्या ‘प्राना-फिल्म’ या मंडळीनें तो निर्माण केला. कथा हेन्रिक गालेन यानें रचिली, छायाचित्रण फ्रिट्झ आर्नो वाग्नर यानें केलें, आणि पिशाच उमराव ओर्लोक याचें काम माक्स श्रेक यानें केलें. बर्लिन येथें ता. ४ मार्च १९२२ रोजीं तो प्रथम दाखविण्यांत आला. कथेचा आधार ब्रॅम स्टोकर याची १८९७ सालीं प्रसिद्ध झालेली ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी. पात्रांचीं नांवें बदललीं होतीं, तरी कादंबरीचा उल्लेख मूळच्या पाट्यांतच होता. अनुमति मात्र घेतलेली नव्हती. स्टोकर १९१२ मध्यें वारला होता. त्याच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर यांनीं इंग्लंडांतील ग्रंथकारांच्या सोसायटीच्या साह्यानें दावा लाविला. तोंवर प्राना-फिल्मचें दिवाळें निघालें होतें. पैसा मिळण्याची आशा नाहीं असें दिसून आल्यावर दाव्याचा रोख चित्रपटाच्या नाशावर वळला, आणि जुलै १९२५ मध्यें बर्लिनच्या न्यायालयानें त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला.

(३) हुकूम जर्मनींतील न्यायालयाचा. प्रती मात्र तोंपर्यंत परदेशीं गेल्या होत्या. त्यामुळेंच चित्रपट वांचला. मूळ निगेटिव्ह आज उपलब्ध नाहीं. जें उरलें त्याची वंशावळ स्थूलमानानें अशी मांडतां येते : (अ) फ्रेंच पाट्यांची, रंगछटा दिलेली १९२२ ची प्रत, ही पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेजमध्यें आहे, (आ) १९२० नंतरच्या दशकांत चेक प्रदेशांत गेलेल्या प्रतीवरून १९३९ मध्यें उतरलेली प्रत, ही जर्मनीच्या बुंडेसआर्खिवमध्यें आहे, (इ) १९३० सालीं ‘बारावा तास’ अशा अर्थाच्या जर्मन नांवानें दुसऱ्याच मंडळीनें काढलेली फेरफार केलेली आवृत्ति, (ई) मूळ जर्मन पाट्या ज्यांत पुष्कळशा राहिल्या आहेत अशी, पूर्व जर्मनींत १९६२ मध्यें उतरलेली प्रत, (उ) अमेरिकेंतील इंग्रजी पाट्यांच्या प्रती. यांपैकीं (इ) ही सरळ सरळ दूषित प्रत होय. तींत ओर्लोकाचें नांव वोल्कॉफ झालें, नवीं दृश्यें घुसडलीं गेलीं, आणि शेवटहि पालटला. तरी तिच्यांत मूळचे कांहीं तुकडे इतरांहून चांगले राहिले आहेत. वाईट प्रतींत चांगला पाठ सांपडतो, हा पोथ्यांचा अनुभव येथेंहि येतो.

(४) आतां पाठभेदांकडे वळूं. व्हिडिओ कॅसेटच्या काळांत घरोघर पोंचल्या त्या बहुतेक (उ) या शाखेच्या प्रती. अमेरिकेंत चित्रपटावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नसल्यामुळें ज्याला जी प्रत मिळाली त्यानें ती विकली. या शाखेंत ओर्लोकास ‘काउंट ड्रॅक्युला’, हुटर यास ‘हार्कर’, क्नॉक यास ‘रेनफील्ड’ व एलेन हिला ‘नीना’ म्हटलें आहे. विस्बोर्ग या कल्पित नगराच्या जागीं ब्रेमेन हें खरें नगर आलें आहे. नांवें लपविलीं म्हणून ज्या चित्रपटावर संकट टळलें नाहीं, त्याच्या नकलाकारांनीं कादंबरींतील नांवें उघडपणें परत आणलीं, हा एक चमत्कारच. जाणता नकलनवीस पोथींतील अपरिचित शब्द काढून परिचित शब्द घालतो; तोच प्रकार हा.

याहून महत्त्वाचा भेद निवेदकाचा. मूळांत सारी हकीकत एका जुन्या वृत्तांताच्या रूपानें येते : विस्बोर्ग येथें १८३८ सालीं आलेल्या महामारीची ही नोंद आहे, आणि नोंदकर्त्याच्या नांवाच्या जागीं केवळ तीन क्रूस आहेत. लेखक अनाम आहे, आणि तें अनामत्व हेतुपुरस्सर आहे. क्रूस ही मरणाची खूण. इंग्रजी शाखेंत त्याला नांव मिळालें. तो आपल्या नगराचा इतिहासकार योहान काव्हालियस झाला. बखरीच्या अनाम कर्त्यास पुढील नकलनवीस नांव देतो आणि मागाहून तेंच नांव प्रमाण म्हणून उद्धृत होतें, हें आपण अनेकदां पाहतों. ज्यानें केवळ कॅसेट पाहिली तो काव्हालियस हाच मूळचा कर्ता मानील, आणि ब्रेमेन शहरीं कथेचें स्थळ शोधूं लागेल. वस्तुतः नगराचीं दृश्यें विस्मार व ल्यूबेक येथें घेतलेलीं आहेत.

(५) दुसरा भेद वेगाचा. सेन्सॉरच्या दप्तरीं चित्रपटाची लांबी १९६७ मीटर नोंदलेली आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका मीटरांत सुमारें साडेबावन्न चौकटी बसतात. म्हणजे एकंदर चौकटी सुमारें १,०३,००० झाल्या. सेकंदास १८ चौकटी या वेगानें त्या दाखविल्या तर सुमारें ९६ मिनिटें लागतात. बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगानें दाखविल्या तर सुमारें ७२ मिनिटें. पुष्कळ जुन्या कॅसेटींत माणसें तुरुतुरु पळतांना दिसतात तीं याच कारणानें. ओर्लोकाचें जें भय आहे तें त्याच्या सावकाशीचें आहे. तो दारांत उभा राहतो आणि हळूहळू जवळ येतो. वेग वाढला कीं भयाच्या जागीं हंसूं येतें. या हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. जी आवृत्ति ७२ मिनिटांहूनहि पुष्कळच लहान असेल, तिच्यांत केवळ वेगाचा दोष नसून कांहीं भाग गळालाच आहे, असें वेष्टन न वाचतां सांगतां येतें.

(६) तिसरा भेद रंगाचा, आणि तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. त्या काळचीं रात्रींचीं दृश्यें बहुधा दिवसा उन्हांत घेत आणि मागाहून फितीस निळी छटा देत. दिव्याच्या उजेडास पिंवळी आणि पहांटेस गुलाबी अशी योजना असे. ही शोभेची रंगरंगोटी नव्हे. तो चित्रपटाच्या भाषेचा एक प्रत्यय होता. आतां ‘नोस्फेराटू’ची कथा पाहा. कादंबरींतील ड्रॅक्युला दिवसाहि हिंडूं शकतो. या चित्रपटांत मात्र सूर्याच्या किरणांनीं पिशाचाचा नाश होतो, आणि ही कल्पना पुढील असंख्य पिशाचकथांनीं येथूनच उचलली. एलेन ओर्लोकास पहांटेपर्यंत गुंतवून ठेवते, कोंबडा आरवतो, ऊन खोलींत येतें आणि ओर्लोक धूर होऊन विरतो. परंतु काळ्यापांढऱ्या कॅसेटींत हाच ओर्लोक आपली शवपेटी काखेंत घेऊन विस्बोर्गच्या रस्त्यांतून लख्ख उन्हांत चालत जातांना दिसतो, आणि त्यास कांहीं होत नाहीं! प्रेक्षकानें मग शेवटाचा अर्थ तरी काय समजावा? मुर्नाउच्या हातून ढोबळ प्रमाद झाला, असा ग्रह काळ्यापांढऱ्या प्रतीवरून सहज होतो. दोष मुर्नाउचा नव्हता. तो प्रतीचा होता. निळी छटा परत येतांच रात्र ती रात्र होते आणि अखेरच्या पहांटेस बळ येतें. कानामात्रा गळालेल्या मोडी कागदावरून लिहिणाऱ्यास अज्ञानी ठरविण्यासारखाच हा न्याय होय.

(७) संगीताविषयीं थोडेंच लिहितों. हान्स एर्डमान यानें या चित्रपटासाठीं रचलेलें संगीत जसेंच्या तसें उपलब्ध नाहीं. त्यानें प्रसिद्ध केलेल्या संगीतमालिकेच्या आधारें बेर्न्ट हेलर यांनीं तें पुन्हां जुळविलें. इतर आवृत्त्यांत ज्यानें त्यानें आपलें संगीत घातलें आहे. १९५८ च्या इंग्रजी ‘ड्रॅक्युला’चे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांची रचना ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या २०१५ च्या ब्ल्यू-रेवर आहे, अमेरिकेंतील १९९८ च्या एका कॅसेटींत तर आधुनिक रॉक-संगीत आहे. हे सारे टीकाकार होत. टीका वाचावी, परंतु तिला मूळ समजूं नये.

(८) शोधित पाठ सिद्ध करण्याचे प्रयत्न १९८० नंतरच्या दशकांत म्युनिकच्या चित्रपट-संग्रहालयाचे एन्नो पातालास यांनीं जोरानें चालविले, आणि १९९५ मध्यें बोलोन्या येथील कामांतून रंगछटांसह पाठ तयार झाला. त्यानंतर २००५-०६ मध्यें मुर्नाउच्या नांवानें चालणाऱ्या जर्मन प्रतिष्ठानासाठीं लुचियानो बेर्रियातुआ यांनीं नवा पाठ सिद्ध केला. त्यांत (अ) ही प्रत पायाभूत धरून तिच्यांतील गाळलेलीं दृश्यें (आ) व (इ) यांवरून भरलीं. पाट्या मुख्यतः (ई) वरून घेतल्या. ज्या कोठेंच मिळाल्या नाहींत त्या मूळ अक्षरवळणास अनुसरून नव्यानें लिहिल्या, आणि त्या प्रत्येकीवर प्रतिष्ठानाचीं आद्याक्षरें घातलीं. हाच पाठ इंग्लंडांत ‘युरेका’नें २००७ मध्यें डीव्हीडीवर व २०१३ मध्यें ब्ल्यू-रेवर, आणि अमेरिकेंत ‘किनो’नें त्याच दोन सालीं तशाच दोन रूपांत काढला. ‘युरेका’नें जर्मन पाट्या कायम ठेवून इंग्रजी भाषांतर खालीं दिलें आहे; ‘किनो’नें जर्मन पाट्यांचा व इंग्रजी पाट्यांचा असे दोन्ही पाठ दिले आहेत. अभ्यासकानें जर्मन पाट्यांचाच पाठ घ्यावा हें सांगणें नको. त्या पाट्यांचें अक्षरवळण हाहि ग्रंथाचाच भाग आहे.

(९) मग हाच मूळ पाठ म्हणावा काय? आमचें उत्तर नाहीं असें आहे. तो आजच्या साधनांनीं साधलेला उत्तम पाठ आहे. परंतु या रूपांत चित्रपट पूर्वीं कोणीं पाहिला असेल असें नाहीं. आपल्या पुण्यांत १९१९ मध्यें आरंभ होऊन १९६६ मध्यें पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति अशीच साधित आहे. पण तेथें प्रत्येक पानाच्या तळाशीं पाठभेद आहेत. संपादकानें काय टाकलें व कशाच्या बळावर टाकलें हें वाचकास तपासतां येतें. चित्रपटाच्या शोधित पाठांत आरंभीं एक निवेदन येतें आणि पाट्यांवर तीं आद्याक्षरें येतात. एरवीं कोणतें दृश्य पॅरिसच्या प्रतींतलें व कोणतें १९३० च्या दूषित प्रतींतलें हें पाहतां पाहतां कळत नाहीं. प्रतींचा सांधा जितका सफाईदार, तितका तो पुरावा म्हणून अपुरा. प्रकाशकांनीं तबकडीवर दृश्यवार प्रतिनिर्देशाची एक यादी दिली, तर ही उणीव दूर होईल.

(१०) हा विचार परदेशापुरता नाहीं. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचा आज जो भाग दाखविला जातो, तो मूळचा नसून १९१७ सालच्या पुनर्निर्मितीचा असावा, असा आक्षेप कांहीं अभ्यासकांनीं घेतला आहे. आक्षेप खरा असो वा नसो, त्याचा निकाल वेष्टनावरील सालानें लागणार नाहीं. फितीच्या कडा, पाट्यांचें वळण आणि प्रतीची परंपरा यांनींच लागेल.

(११) सारांश, संग्राहकांनीं प्रत्येक आवृत्तीच्या नोंदींत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्या : पाट्यांची भाषा, पात्रांचीं व नगराचीं नांवें, निवेदकाचें नांव आहे कीं क्रूस आहेत, मिनिटांत लांबी, रंगछटा आहेत कीं नाहींत, संगीत कोणाचें, आणि कोणत्या प्रतींवरून पाठ घेतला याविषयीं आरंभीं निवेदन असल्यास त्याची नक्कल. नवी आवृत्ति आली म्हणून जुनी कॅसेट फेंकूं नये. दोन पिढ्यांनीं ‘नोस्फेराटू’ जाणला तो त्या अशुद्ध प्रतींवरूनच, आणि त्यांच्यावर जें लिहिलें गेलें तें समजण्यास त्याच प्रती लागतील. न्यायालयाच्या हुकुमांतून हा चित्रपट वांचला तो दूरदेशीं कोणीतरी आपली वाईट, अपुरी प्रत टाकून दिली नाहीं म्हणून.